दुकानातला गेम वर दिसत नाही, वरचा खाली दिसत नाही

मंगळवारपेठी | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. विषय पोरखेळाचा आहे, पण तीन रात्री त्यात गेल्यात आणि आता घरात माझी किंमत कमी व्हायला लागली आहे, म्हणून इथं विचारतोय.

आधी घर सांगतो, कारण भानगड घरातच असावी असा मला संशय आहे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं जुनं घर. तळमजल्यावर माझं छपाईचं दुकान, पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर दादा-वहिनी. तळमजल्याच्या भिंती आजोबांच्या काळातल्या, दगडी, हातभर जाड. फायबरची वायर दुकानात येते आणि तिथं इंटरनेटवाल्यांनी दिलेला पांढरा डबा आहे. त्याचं वायफाय जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मान टाकतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एक काळा राउटर आणून पहिल्या मजल्यावर बसवला. दुकानातनं वर केबल मीच ओढली, जिन्यातल्या जुन्या टेलिफोनच्या पाइपातनं. जोडणीही मीच केली. राउटरच्या पाठीला पाच भोकं, एक निळं आणि चार पिवळी. निळं वेगळं आहे म्हणजे मेन तेच असणार, असं धरून केबल त्यात खुपसली. लगेच चालू झालं. मोबाईल चालले, टीव्ही चालला, विषय संपला.

आता मशीनं. दुकानात माझा डेस्कटॉप, विंडोज १०, पांढऱ्या डब्याला केबलनं. पहिल्या मजल्यावर पोराचा लॅपटॉप, विंडोज ११, काळ्या राउटरला केबलनं. दुसऱ्या मजल्यावर पुतण्याचा लॅपटॉप, तोही ११, पण वायफायवर, काळ्याच्याच. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळं घरातला जाणकार तोच. त्यालाही जमेना झाल्यावर त्यानं "काका, तुमचं मशीन म्हातारं झालंय" असा निकाल दिला आणि वर निघून गेला.

खेळ कुठला, तर काउंटर स्ट्राइक १.६, बंदुकांचा जुना खेळ. हसू नका. चार दिवस नुसता पाऊस आहे, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून बसलंय, शाळा-कॉलेज बंद. पोरं आपापल्या मोबाईलात तोंड घालून बसलेली बघवेनात, म्हणून म्हटलं, चला, आम्ही २००४ मध्ये काय खेळायचो ते दाखवतो. राजारामपुरीत एका कॅफेत तासाला २० रुपये देऊन आम्ही दहाजण त्यातल्या डस्ट टू या मैदानावर पडीक असायचो. मालक फक्त "लॅनवर क्लिक करा" (लॅन म्हणजे आतल्या आत जोडलेली मशीनं) म्हणायचा आणि यादीत गेम हजर. त्या माणसाच्या तोंडून आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा नंबर) हा शब्द मी कधी ऐकला नाही.

इथं माझ्या घरात यादी रिकामी. मी दुकानात गेम सुरू केला तर वरच्या दोघांना दिसत नाही. वर सुरू केला तर मला दिसत नाही. मात्र पुतण्यानं सुरू केला की पोराला दिसतो, दोघं मजेत खेळतात आणि मी खाली एकटा बॉट (कॉम्प्युटरच चालवतो ते खेळाडू) मारत बसतो. पोरगा आणि पोरगी माइनक्राफ्टही एकमेकांत खेळतात, तेही वरच्या मजल्यावर, बिनतक्रार.

काय काय केलं तेही लिहितो. दोन्ही राउटर बंद-चालू केले. गेम काढून परत टाकला. नवी केबल आणली, जुनीच बरी होती. गुगलवर "व्हॉट इज माय आयपी" विचारलं, तर तिन्ही मशीनवर आकडा न आकडा तोच. म्हणजे तिघं एकाच नेटवर्कवर आहेत, हे सिद्ध झालं. मग दिसत का नाही?

गेम तिघांच्याही नावावर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून रीतसर विकत घेतलेला आहे, तेव्हा त्यावरून कुणी झापू नये.


बिनधास्त_बावडा | शनिवार, रात्री ११:५२

विंडोजची फायरवॉल (बाहेरच्यांना अडवणारा पहारा) बंद करा भावा. दोन मिनिटांचं काम. नाद करायचा नाही.


मंगळवारपेठी | रविवार, पहाटे १२:०५

भावा, त्या मशीनवर गिऱ्हाइकांचे आधार कार्डाचे फोटो, मंडळांच्या पावती पुस्तकांचं मॅटर, दिवसाला दहा लोकांचे पेनड्राइव्ह. फायरवॉल बंद करून मी खेळायला बसलो तर बायको मला बंद करेल. दुसरा उपाय असेल तर सांगा.


केबलओढ्या | रविवार, सकाळी ७:२०

फायरवॉलला हात लावू नका, निदान आत्ता तरी.

तुमच्या प्रश्नात एक चूक आहे आणि एक सोनं आहे. चूक ही की गुगलनं दाखवलेला नंबर मशीनचा नसतो. तुमच्या घरातून बाहेर पडणारं सगळं ज्या एका दारातून जातं, त्या दाराचा तो नंबर. मंगळवार पेठेतल्या तिघांनी पत्त्यात "कोल्हापूर" लिहिलं म्हणून ते एका खोलीत राहतात असं होत नाही. सोनं म्हणजे निळं भोक. तुम्ही ते आपणहून सांगितलंत, नाहीतर ते काढून घ्यायला मला चार निरोप लागले असते.

मला वाटतंय ते खरं आहे का हे बघायला दोन गोष्टी करा. तिन्ही मशीनवर विंडोजचं बटण आणि आर दाबा, सीएमडी लिहा, काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग. जे येईल त्यातला आयपीव्ही४ ॲड्रेस (मशीनचा स्वतःचा नंबर) आणि डिफॉल्ट गेटवे (ते ज्या दारातून बाहेर जातं त्याचा नंबर) इथं लिहा. अनोळखी ओळी दिसल्या तरी गाळू नका. मग प्रत्येक मशीनवरून दुसऱ्या दोघांना पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. दोन्ही दिशांनी. लोक एकाच दिशेनं करतात आणि फसतात.


मंगळवारपेठी | रविवार, सकाळी १०:१५

आज दुकान बंद, त्यामुळं निवांत केलं. वर-खाली चार फेऱ्या झाल्या, गुडघ्यांनी नोंद घेतली आहे.

दुकान: १९२.१६८.१.५, गेटवे १९२.१६८.१.१.

पोरगा: १९२.१६८.०.१०२, गेटवे १९२.१६८.०.१.

पुतण्या: १९२.१६८.०.१०५, गेटवे पोराचाच. शिवाय त्याच्याकडं आणखी एक नंबर निघाला, १९२.१६८.५६.१, त्याच्यापुढं गेटवे रिकामा. हा काय प्रकार आहे ते त्यालाही माहीत नाही. मी गाळणार होतो, पण तुम्ही गाळू नका म्हणालात.

पिंगचं तर मला नवलच वाटलं. पोराकडून दुकानाला केला, उत्तर येतं, १ मिलिसेकंद. पुतण्याकडून दुकानाला, येतं, पण कधी ४ कधी ६०. आणि दुकानातून वर दोघांनाही केला तर "रिक्वेस्ट टाइम्ड आउट", चारही वेळा. म्हणजे वरनं हाक मारली तर मी ओ देतोय, पण मी खालनं मारलेली हाक वर पोचतच नाही. आमच्या घरात तसं नेहमीचंच आहे, पण कॉम्प्युटरनं असं का करावं?


केबलओढ्या | रविवार, सकाळी ११:०५

झालं. तुमच्या घरात दोन चुली आहेत.

नंबराचा तिसरा आकडा बघा. दुकानाचा १, वरच्यांचा ०. निळं भोक म्हणजे वॅन. तिथं केबल घातली की काळा राउटर समजतो, "खालून येतंय ते बाहेरचं जग, माझ्यामागं आहे ते माझं घर". मग तो स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडतो, स्वतःचे नंबर वाटतो आणि मध्ये दरवान म्हणून उभा राहतो. त्याच्या लेखी तुमचं दुकान आणि अमेरिका यांत फरक नाही.

पिंग एकाच बाजूनं जाणं हा त्याचा पक्का पुरावा. पोरगा खाली हाक मारतो तेव्हा काळा राउटर ती स्वतःच्या नावावर करून पुढं पाठवतो आणि कुणाची होती ते टिपून ठेवतो. तुमचं उत्तर आलं की टिपण बघून पोराला देतो. यालाच नॅट म्हणतात. तुम्ही खालून १९२.१६८.०.१०२ ला हाक मारता तेव्हा तुमच्या मशीनला हा नंबर आपल्या घरातला वाटत नाही. ते पांढऱ्या डब्याकडं देतं. त्यालाही ०वाल्या घराची वाट माहीत नाही, तो बाहेर फायबरवर ढकलतो आणि तिथं ती हाक मरते. वर जायचा रस्ता तुमच्या डोक्यावरच्या पाइपातून गेलाय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आता यादी रिकामी का. लॅनच्या यादीसाठी तुमचा गेम २५५.२५५.२५५.२५५ या पत्त्यावर ओरडतो. म्हणजे चौकात उभं राहून "कोण खेळतंय का रे" विचारल्यासारखं. यूडीपी पद्धतीनं, पोर्ट (मशीनच्या आतला खोली नंबर) २७०१५ आणि त्याच्या पुढचे दोन-चार. जो खेळ चालवत असेल तो उत्तर देतो. पण असली आरोळी राउटर कधीच ओलांडून देत नाही. राउटर बिघडलेला नाही, त्याला तसंच बनवलंय, नाहीतर सगळ्या गावाचा आरडाओरडा सगळ्यांना ऐकू आला असता. माइनक्राफ्टची पद्धत थोडी वेगळी, तो आरोळीऐवजी २२४.०.२.६० या ठरलेल्या पत्त्यावर निरोप ठेवतो, पण घरगुती राउटर तोही पलीकडं देत नाही. तुमची पोरं खेळू शकतात कारण दोघंही काळ्याच्या मागं आहेत.

आज दुपारीच खेळायचं असेल तर काहीही न बदलता जमेल. गेम दुकानात सुरू करा आणि वरच्यांनी यादी सोडून सर्व्हरच्या खिडकीत फेव्हरिट्समध्ये १९२.१६८.१.५:२७०१५ हा पत्ता हातानं घालावा. वरून खाली वाट मोकळी आहे, ते येतील. उलटं मात्र होणार नाही.

कायमचं करायचं तर काळ्याला दरवानाच्या नोकरीवरून काढा आणि नुसता वायफायवाला म्हणून ठेवा. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर एका क्लिकचं काम. नसेल तर असं: खालून आलेली केबल आधी उपटा. पोराचा लॅपटॉप पिवळ्या भोकात राहू द्या. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडा, राउटरचा स्वतःचा लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. तो बंद होऊन चालू होईल. मग नव्या पत्त्यावर आत शिरून डीएचसीपी बंद करा, म्हणजे नंबर वाटायचं काम एकट्या पांढऱ्याकडं राहील. शेवटी खालची केबल निळ्याऐवजी पिवळ्या भोकात. निळं रिकामं सोडा, त्यावर चिकटपट्टी लावा.

एक बघून घ्या. पांढरा डबा कुठपासून कुठपर्यंत नंबर वाटतो ते त्याच्या सेटिंगमध्ये दिसेल. आपण देतोय तो पत्ता त्या टापूच्या बाहेरचा हवा, आणि देण्याआधी पिंग करून तो मोकळा आहे ना, बघा.


रंकाळाकाठ | रविवार, दुपारी १२:३०

त्या कॅफेत बहुतेक आपण शेजारी बसलोय. १.६ आला सप्टेंबर २००३ मध्ये, स्टीमच्या बरोबरच, आणि पुढचं वर्षभर "१.५ बरा होता" म्हणणारे दोघं-तिघं कायम कोपऱ्यात असायचे. कॅफेच्या मालकाला आयपी कळायची गरजच नव्हती. दहा मशीनं, एक स्विच (सगळ्यांच्या केबली जोडणारी पेटी), मध्ये राउटर नाही. आरोळी मारली की भिंतीपर्यंत सगळ्यांना ऐकू.

पण मला एक शंका आहे. दुकानात लोकांची कागदपत्रं, वर पोरांचे मोबाईल. दोन चुली होत्या त्या एका अर्थी बऱ्याच नव्हत्या का? दुकान वेगळं राहत होतं.


केबलओढ्या | रविवार, दुपारी १२:५०

वेगळं होतं, पण उलट्या बाजूनं. वरून खाली वाट मोकळी, खालून वर बंद. म्हणजे दुकान पोरांपासून सुरक्षित नव्हतं, पोरं दुकानापासून सुरक्षित होती. खरंच वेगळं करायचं तर आतल्या बाजूला दुकान ठेवावं लागेल, आणि मग हा खेळ विसरा. त्यापेक्षा त्या डेस्कटॉपचं बघा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. दिवसाला दहा परके पेनड्राइव्ह लागतात त्या मशीनची काळजी करायची तर तिथून सुरुवात करा.


मंगळवारपेठी | रविवार, सायंकाळी ६:४५

केबलओढ्या दादा, चुली दोन आहेतच, पाच वर्षं झाली. भांडण नाही, कोथिंबीर अजून एकाच पिशवीतून येते. पण राउटरनं सुद्धा वाटणी केली असेल असं वाटलं नव्हतं.

केलं. पण सरळ झालं नाही. ॲक्सेस पॉइंट मोड आमच्या काळ्यात नाही, जुना आहे. पांढऱ्या डब्याचं बघितलं, तो ३ पासून २०० पर्यंत वाटतो. म्हणजे २ बाहेरचा. पिंग केला, उत्तर नाही, मोकळा. इथवर शहाण्यासारखं केलं. मग पत्ता बदलला, डीएचसीपी बंद केलं आणि तेवढ्यात खालून गॅसवाला ओरडला म्हणून मी केबल न जोडताच खाली गेलो. परत येईपर्यंत घरात बोंब. वहिनींची मालिका मोबाईलवर अडकली, पोरीचा गृहपाठ म्हणे अडकला (तो रविवारी दुपारी कधीपासून व्हायला लागला?), आणि पोराच्या लॅपटॉपला १६९.२५४ नं सुरू होणारा कुठलातरी अनोळखी नंबर आलेला. मला वाटलं राउटर जळाला. पुतण्यानं गुगल करून सांगितलं की नंबर वाटणारं कुणी सापडलं नाही की विंडोज स्वतःच असा नंबर लावून घेते. म्हणजे वाढपी गेल्यावर स्वतःच पातेल्यातून घेतल्यासारखं. केबल पिवळ्यात घातली, लॅपटॉपची केबल काढून लावली, तर १९२.१६८.१.७ आला. मालिका सुरू.

आता पिंग वर-खाली दोन्हीकडं जायला हवा होता ना? पुतण्याकडं जातो. पोराकडं मात्र अजून जाईना. आणि गेमचं असं की माझा गेम पोराला यादीत दिसला! २० वर्षांनी तो आवाज दुकानात घुमला, शेजारचा शिंपी डोकावून गेला. पण पोरानं सुरू केलेला मला दिसत नाही. आणि पुतण्याला कुणाचाच दिसत नाही, त्याचा मात्र आम्हा दोघांना दिसतो. एक गाठ सोडवली तर दोन पडल्या.


केबलओढ्या | रविवार, सायंकाळी ७:१०

गाठी पडल्या नाहीत, खाली दडलेल्या होत्या त्या वर आल्या.

पोराचं सोपं आहे. केबलवरच्या नेटवर्कला विंडोज गेटवेवरून ओळखते. गेटवे बदलला, म्हणजे तिच्या मते लॅपटॉप नव्या जागी आला, आणि नवी जागा म्हणजे पब्लिक, एसटी स्टँडावरच्या वायफायसारखी. सेटिंग, नेटवर्क, इथरनेट, तिथं प्रायव्हेट करा. फायरवॉल चालूच राहील, फक्त घरातल्यांना ओळखेल. पूर्वी कधीतरी गेमनं परवानगी मागितली तेव्हा त्यानं फक्त प्रायव्हेटवर टिक केली असणार, म्हणून पब्लिक झाल्यावर दार लागलं.

पुतण्याचं मात्र मी आधीच विचारायला हवं होतं. तुम्ही पहिल्या निरोपात लिहिलं होतं, "पुतण्यानं सुरू केला की पोराला दिसतो". उलटं करून बघितलंत का, हे मी विचारलंच नाही. तो दुसरा नंबर, ५६.१, तो व्हर्च्युअलबॉक्सचा. इंजिनिअरिंगच्या पोरांकडं असतोच, लिनक्स टाकायला. ते सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये एक खोटं नेटवर्क कार्ड बसवतं. आता आरोळी एकाच कार्डावरून बाहेर पडते आणि कुठल्या, ते विंडोज मेट्रिक नावाच्या आकड्यावरून ठरवते. लहान आकड्याचा मान पहिला. आपोआप आकडा देताना ती कार्डाचा वेग बघते. खोटं कार्ड सांगतं मी एक गिगाबिटचा, वायफाय बिचारं दुसऱ्या मजल्यावर दमलेलं. त्यामुळं पुतण्याची आरोळी लॅपटॉपच्या आतल्या रिकाम्या खोलीत जाते. तो दुसऱ्यांना उत्तर देऊ शकतो, म्हणून त्याचा गेम तुम्हाला दिसतो. विचारू मात्र शकत नाही.

नेटवर्क कनेक्शन्सच्या खिडकीत व्हर्च्युअलबॉक्सच्या कार्डावर उजवं क्लिक, डिसेबल. खेळून झाल्यावर परत चालू करावं. रोज ते नको असेल तर त्याच कार्डाच्या आयपीव्ही४च्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन ऑटोमॅटिक मेट्रिकची टिक काढा आणि मोठा आकडा लिहा, ५०० म्हणा.


बिनधास्त_बावडा | रविवार, सायंकाळी ७:१८

मी म्हटलेलं फायरवॉल. अर्धं बरोबर निघालं का नाही?


केबलओढ्या | रविवार, सायंकाळी ७:२१

एक तृतीयांश. आणि बंद करायचा नव्हताच.


मंगळवारपेठी | रविवार, रात्री ११:३०

चालला! तिघंही तिघांना दिसतात. पुतण्याला सांगितलं की तुझंच मशीन स्वतःशी बोलत होतं, माझं म्हातारं नव्हतं. त्यानं ऐकून घेतलं, हे महत्त्वाचं.

नऊ वाजता दादा खाली आला, काय आरडाओरडा आहे बघायला. बघता बघता पुतण्याला उठवून त्याच्या जागी बसला. फुटबॉलच्या सीझनला आमच्यात पाटाकडील आणि शिवाजी असे दोन तट असतात, तेच तट इथं पडले. पोरगा आणि मी एका बाजूला, दादा आणि बॉट दुसऱ्या. दादाला बंदूक बदलता येत नाही, चाकू घेऊन धावतो. तरी पोराला दोनदा मारलं त्यानं. जेवायला साडेदहा झाले, दोन्ही चुलींवरचं गार झालं.

पुतण्याचं अधूनमधून अडकतं, पण ते वायफायमुळं असावं. त्याचं नंतर बघू. सगळ्यांचे, विशेषतः केबलओढ्या दादांचे लई आभार.


मंगळवारपेठी | सोमवार, सकाळी १०:५०

परत मीच. दुकान उघडलं आणि प्रिंटर गेला.

आमच्या तालमीचे कार्यकर्ते गणपतीच्या वर्गणीची पावती पुस्तकं न्यायला आलेत, ५० पुस्तकं, त्यातली अजून २० बाकी. प्रिंट दिली की कॉम्प्युटर म्हणतो ऑफलाइन. प्रिंटर चालू आहे, केबल आहे, दिवा हिरवा. प्रिंटरचं स्वतःचं पान ब्राउझरमध्ये उघडतो मी नेहमी, शाई बघायला. आज ते उघडलं तर काळ्या राउटरचं लॉगिन समोर आलं! माझ्या प्रिंटरात राउटर कसा शिरला? कार्यकर्ते चहा घेत बसलेत, तिसरा चालू आहे. लवकर सांगा.


केबलओढ्या | सोमवार, सकाळी १०:५८

प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.२ आहे का?


मंगळवारपेठी | सोमवार, सकाळी ११:०१

व्हय.


केबलओढ्या | सोमवार, सकाळी ११:०६

चूक माझी. पिंग करून बघा म्हणालो, पण काल रविवार. दुकान बंद, प्रिंटर बंद, म्हणून उत्तर आलं नाही आणि आपण पत्ता मोकळा धरला. प्रिंटर बसवणाऱ्यानंही माझ्याच हिशोबानं टापूबाहेरचा पहिला नंबर उचललेला. आता एका पत्त्यावर दोन भाडेकरू झालेत.

प्रिंटरला हात लावू नका, सगळी मशीनं त्याच पत्त्यावर छापतात. ते जे राउटरचं लॉगिन समोर आलंय त्यातच शिरा आणि राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२५० करा. मग प्रिंटर एकदा बंद-चालू.


मंगळवारपेठी | सोमवार, दुपारी १:४०

झालं. २५० केला, पिठाच्या डब्यावर लावतो तशी चिठ्ठी राउटरवर चिकटवली. पुस्तकं १२ वाजता बांधून दिली. कार्यकर्त्यांना उशिराचं कारण सांगितलं तर त्यातला एक म्हणाला, काका, आम्ही पण येऊ का रात्री, आमच्याकडं तीन लॅपटॉप आहेत.

आता मला सांगा, जिन्यातला तो टेलिफोनचा पाइप एक इंची आहे, त्यात एक केबल आधीच आहे. कॅट सिक्सच्या आणखी दोन मावतील का? एक पुतण्यासाठी दुसऱ्या मजल्यापर्यंत न्यायची आहे. अंतर फार नाही, चौदा-पंधरा मीटर, पण मध्ये एक काटकोन आहे आणि मागच्या वेळी तिथंच माझी ओढायची तार तुटली होती.